बियाण्याच्या कारखान्यातले निर्बंध उतरवताना : जालना, एप्रिल २०२२

३१ मार्च २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं करोनाचे निर्बंध मागे घेण्याचा निर्णय केला. १ एप्रिलपासून आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि साथरोग कायद्याखाली काढलेले आदेश संपले आणि मास्क ऐच्छिक झाला. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, गुढीपाडवा होता. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतले बियाण्यांचे कारखाने तेव्हा ऐन हंगामात होते. कपाशी, मका, बाजरी यांचं खरिपाचं बियाणं पेरणीआधी दुकानांत पोचायचं असतं, त्यामुळे साफसफाई, प्रतवारी, बीजप्रक्रिया आणि पॅकिंग हे सगळं उन्हाळ्यातच उरकावं लागतं. वर्षातली सर्वांत जास्त माणसं कामावर, सर्वांत जास्त उकाडा, आणि नियम अचानक शून्य, अशी ती वेळ होती.

इथे मांडलेला कारखाना म्हणजे कुठल्याही एका प्रत्यक्ष कारखान्याचं चित्र नाही. जालन्यात असतं तसं मध्यम आकाराचं युनिट धरलं आहे आणि हिशेब करता यावा म्हणून त्याची मापं, माणसं आणि मजुरी आम्ही ठरवली आहे. आदेश, त्यांच्या तारखा आणि कायद्यातल्या तरतुदी खऱ्या आहेत. प्रश्न असा : सोमवारी, ४ एप्रिलला कारखाना उघडल्यावर साथीतली कुठली व्यवस्था काढायची, कुठली ठेवायची, आणि साथीत जे बंद केलं होतं त्यातलं काय पुन्हा सुरू करायचं? पहिल्या दोन गोष्टींवर मीटिंगा होतात. तिसरी सहसा राहून जाते.

मधली पायरी नसलेला जिल्हा

निर्बंध किती वेळा चढले-उतरले हे ध्यानात घेतल्याशिवाय गेटवरच्या माणसांचं वागणं कळत नाही. १५ एप्रिल २०२० च्या केंद्राच्या आदेशात कामाच्या ठिकाणांसाठी सविस्तर पद्धत होती : कामगारांना आणणाऱ्या गाड्या ३० ते ४० टक्के भरायच्या, गेटवर ताप तपासायचा, दोन पाळ्यांमध्ये एक तासाचं अंतर, जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वेळी, बसायचं सहा फुटांवर, गुटखा-तंबाखू आणि थुंकण्यावर बंदी. पुढे जून २०२१ मध्ये राज्यानं जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले. बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या २५ टक्क्यांहून कमी खाटा भरलेल्या, तो पहिला स्तर. जालना त्यात होता. २५ जूनच्या आदेशानं सगळे जिल्हे किमान तिसऱ्या स्तरात गेले. २७ नोव्हेंबर २०२१ ला दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच आस्थापनांत प्रवेश, असा नियम आला. दंड व्यक्तीला ५०० रुपये, आस्थापनेत कुणी नियम मोडताना सापडलं तर आस्थापनेला १०,०००, आणि आस्थापनेनंच व्यवस्था ठेवली नसेल तर ५०,०००. वॉचमन कडक का झाला, हे या आकड्यांत आहे.

मार्च २०२२ मध्ये जे घडलं ते मराठवाड्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. ४ मार्चपासून राज्यानं चौदा जिल्ह्यांना पूर्ण क्षमतेनं व्यवहार सुरू करायला परवानगी दिली. निकष होते पहिला डोस ९० टक्क्यांहून जास्त, दुसरा ७० टक्क्यांहून जास्त, बाधितांचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत, ऑक्सिजनच्या भरलेल्या खाटा ४० टक्क्यांच्या आत. त्या यादीत मराठवाड्यातला एकही जिल्हा नव्हता. पुणे, नागपूर, कोल्हापूर यांना पूर्ण मोकळीक मिळण्याआधी चार आठवड्यांची मधली पायरी मिळाली. जालन्याला ती मिळालीच नाही. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे याच जिल्ह्यातले, पण यादी निकषांवर ठरली होती. ३१ मार्चला निर्बंध होते, १ एप्रिलला काहीच नव्हतं. कारखान्यानं मधली पायरी स्वतःच बांधायची होती.

कारखाना

पॅकिंग हॉल २४ मीटर लांब, १२ मीटर रुंद, ५ मीटर उंच. समोर दोन शटर, मागच्या भिंतीत २४ इंची दोन एक्झॉस्ट पंखे. डाव्या बाजूला एक दार, त्यापलीकडे बीजप्रक्रियेची खोली : तिथल्या ट्रीटरमध्ये बियाण्याला बुरशीनाशक, कीटकनाशक आणि रंग लागतो. कपाशीला इमिडाक्लोप्रिड, इतर पिकांना थायरमसारखी बुरशीनाशकं. साथीत हॉलमध्ये एका पाळीत ४२ जण बसत, दोन पाळ्या चालत. बहुतेक बाया आसपासच्या गावांतून ठेकेदाराच्या गाडीनं येतात. मुकादम, सुपरवायझर आणि थप्पी लावणारे हमाल वेगळे.

४ एप्रिलला मालकांची योजना साधी होती. दोन पाळ्यांची एक करायची, चार ओळींत चोवीस-चोवीस अशा ९६ बाया बसवायच्या, दिवे आणि सुपरवायझर यांचा खर्च अर्धा. सहा फुटांचं अंतर आता बंधनकारक नाही, मग हरकत काय?

हरकत साथीच्या आधीपासून कायद्यात होती. त्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १६ प्रमाणे प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा लागायची, आणि जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची जागा मोजता येत नसे. म्हणजे २४ × १२ × ४.२ = १,२१० घनमीटर, भागिले १४.२, बरोबर ८५ माणसं. ९६ मुळातच बसत नव्हती. त्यात हॉलच्या कोपऱ्यात तयार खोक्यांची थप्पी असते, ६ × ४ मीटरची, अडीच मीटर उंच. ते ६० घनमीटर वजा केले तर आकडा ८० होतो, आणि आमच्या मते तोच धरावा. खोक्यांनी व्यापलेल्या जागेत हवा खेळत नाही. या ऐंशीत मुकादम, सुपरवायझर, हमाल, यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री सगळे आले. नेहमीची चूक अशी की टेबलावरची माणसं मोजतात आणि उभी माणसं विसरतात. ऐंशीतून आठ उभी वजा केली की बाया ७२, चार ओळी अठराच्या.

हवा

हॉलमध्ये ८० माणसं बसू शकतात, पण हवा पुरते का, हे वेगळं मोजावं लागतं. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं २० मे २०२१ ला काढलेल्या सूचनेत हे स्पष्ट होतं की सूक्ष्म तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि बंद जागेत वायुवीजन हाच मोठा उपाय आहे. तरीही बहुतेक ठिकाणी खर्च फवारणीवर आणि सॅनिटायझरवर झाला, पंख्यावर नाही.

मोजणी कठीण नाही. हॉलचं पूर्ण आकारमान १,४४० घनमीटर. तासाला पाच वेळा हवा बदलायची तर तासाला ७,२०० घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. पंख्याच्या पाटीवरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, धूळ, सैल पट्टा आणि समोर लावलेली थप्पी यांनी तो खाली येतो. म्हणून वाऱ्याचा वेग मोजायचं छोटं यंत्र पंख्याच्या तोंडाशी नऊ ठिकाणी धरून सरासरी काढायची. २४ इंची पंख्याचं तोंड साधारण ०.२८ चौरस मीटर. वेग सेकंदाला ३ मीटर आला तर एक पंखा तासाला सुमारे ३,०५० घनमीटर ओढतो, दोन मिळून ६,१००. म्हणजे तासाला सव्वाचार बदल. पाती घासून, जाळीवरची सरकीची तूस काढून वेग ४ मीटरवर गेला की दोघांचे ८,१०० होतात, साडेपाचच्या वर. नवा पंखा घेण्याआधी जुना धुवावा.

पण पंख्यानं हवा बाहेर फेकायला ती आत यायला वाट लागते, आणि जालन्यात एप्रिलच्या दुपारी हीच अडचण येते. साडेअकरानंतर झळा सुरू झाल्या की बाया स्वतःच शटर खाली ओढतात. सुपरवायझरही ओढायला लावतो, कारण धुळीनं पाकिटाचं सील नीट बसत नाही. शटर बंद, पंखा सुरू : आवाज होतो, हवा हलत नाही. बदल तासाला एकावर आला तर ८० माणसांत प्रत्येकी १८ घनमीटर हवा येते. हलकं काम करणारा माणूस तासाला साधारण २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेतले ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) धरले तर हॉलचा आकडा दोन-तीन तासांत दीड हजारापर्यंत चढतो. तेच पाच बदल असतील तर साडेसहाशेच्या आसपास राहतो. बायांना दुपारी जे डोकं जड होणं, सुस्ती येणं जाणवतं त्याला सगळं ऊनच कारण नसतं.

उपाय : शटर पूर्ण उघडं नको, पूर्ण बंद नको. खालची दोन फूट मोकळी ठेवून बाहेरून हिरवी जाळी, आणि सावलीसाठी पत्र्याचं पाखं. दोन शटरांची मिळून अशी साडेतीन-चार चौरस मीटर वाट राहिली तर हवा सावकाश शिरते आणि धूळही फार उडत नाही. कूलर लावायची मागणी हमखास येते. हॉलमध्ये तो चालत नाही : कपाशीच्या बियाण्यात ओलावा १० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नसतो, हवाबंद पाकिटासाठी तर ६ टक्क्यांच्या. ओल्या वाऱ्यात उघडं पडलेलं बियाणं ते पाणी ओढून घेतं. कूलर विश्रांतीच्या खोलीत लावावा, आणि तोही खिडकीत, म्हणजे बाहेरची हवा आत ढकलेल. खोलीच्या मध्यभागी ठेवलेला कूलर आतलीच हवा फिरवत बसतो.

कार्बन डायऑक्साइडचं मीटर घेताना एक काळजी. प्रकाशावर चालणारा, एनडीआयआर सेन्सरचा मीटर हवा. स्वस्तातले काही मीटर इतर वाफांवरून अंदाज बांधतात. जवळ कुणी सॅनिटायझर लावला की आकडा उडतो आणि चार दिवसांत माणसं त्याच्याकडे बघायचं सोडतात. मीटर ओळींच्या मधोमध, बसलेल्या बाईच्या नाकाच्या उंचीवर, दारापासून लांब. ८०० च्या आत ठीक, १,००० च्या वर गेला की शटर वर. हा अधिकार मुकादमाला द्यावा. सुपरवायझरची वाट बघावी लागली तर शटर उघडत नाही.

एक दार

साथीत एक सूचना सगळीकडे चिकटवली होती : दारं-खिडक्या उघड्या ठेवा. या कारखान्यात ती बीजप्रक्रियेच्या दारावरही चिकटली. दोन वर्षं ते दार वीट लावून उघडं राहिलं, आणि कडीला हात लागायला नको म्हणून कुणी बंदही करेना.

आता हॉलचे एक्झॉस्ट पंखे हवा बाहेर ओढतात. हॉलमध्ये दाब किंचित कमी होतो. भरपाईची हवा जिथून सोपी वाट मिळेल तिथून येते. शटर बंद असेल तेव्हा ती या दारातून येते, म्हणजे ट्रीटरच्या खोलीतली, औषधाची भुकटी घेऊन. करोनासाठी वायुवीजन सुधारायला जावं आणि कीटकनाशकाची धूळ बहात्तर बायांच्या तोंडाशी आणावी, असा हा प्रकार. पंखे धुवून जोर वाढवला की तो आणखी वाढतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे : आधी दार, मग पंखे.

तपासणी एका अगरबत्तीनं होते. यंत्रं थांबवून, धूळ बसू देऊन, सॅनिटायझरचे कॅन दूर नेऊन, पंखे सुरू ठेवायचे आणि दाराच्या फटीशी धूर धरायचा. धूर ट्रीटरच्या खोलीकडे गेला पाहिजे. हॉलकडे आला तर त्या खोलीला स्वतःचा, ट्रीटरच्या तोंडाशी बसणारा ओढपंखा हवा किंवा असलेला तुंबला आहे. दुसरी खूण त्याहून सोपी : दारापासून तिसऱ्या टेबलाची कड ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसायची. फडक्यावर रंग आला तर औषध तिथवर पोचलं आहे, कारण प्रक्रिया केलेल्या बियाण्याशिवाय तो रंग कारखान्यात दुसरा कशाला नसतो.

दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग, खाली रबरी पट्टी, आणि जुना कागद खरवडून काढायचा. झाकून नाही, खरवडून.

मास्क

"मावशी, काढा आता तो मास्क, सरकारनं उठवलं." हे वाक्य हॉलमध्ये योग्य होतं. ट्रीटरवर तेच वाक्य धोक्याचं होतं.

ट्रीटरवर काम करणाऱ्यानं तोंड झाकणं हे करोनामुळे आलेलं नाही. कीटकनाशक अधिनियम १९६८ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांत संरक्षक कपडे आणि श्वसनाचं साधन आधीपासून आहे. पण साथीच्या दोन वर्षांत काय झालं बघा. सगळ्यांनाच मास्क आला, त्यामुळे औषधाचा मास्क आणि करोनाचा मास्क यांतला फरक पुसला गेला. खरेदी खात्यानं एकच माल मागवला, कानात अडकवायचा तीन पदरी. ट्रीटरवरचा पोरगाही तोच लावू लागला. तो मास्क समोरच्याला आपल्या थुंकीपासून वाचवतो. कडेनं मोकळा असल्यामुळे भुकटी आत जाऊ देतो. १ एप्रिलला तोही उतरला.

ट्रीटरवर, गोणी रिकामी करताना आणि ट्रीटर धुताना भारतीय मानक ९४७३ प्रमाणे एफएफपी२ दर्जाचा, म्हणजे बारीक भुकटी गाळणारा, डोक्यामागून दोन पट्ट्यांचा मास्क लागतो. औषधाच्या लेबलवर वाफेसाठी वेगळं साधन सांगितलं असेल तर काडतूस बसवलेला अर्धमुखवटा. झडपेचा मास्क साथीत नको होता, कारण झडपेतून सोडलेला श्वास गाळलेला नसतो आणि समोरच्याला संरक्षण मिळत नाही. इथे वापरणाऱ्याचा जीव सांभाळायचा आहे, त्यामुळे झडप चालते, उकाड्यात तर बरीच. दाढीवर कुठलाच मास्क घट्ट बसत नाही. दोन्ही मास्क वेगळ्या रंगाचे घ्यावेत आणि वेगळ्या खणात ठेवावेत. औषधाचा मास्क घालून कुणी हॉलमध्ये किंवा जेवायला आलं तर लांबून दिसलं पाहिजे.

हीच गत हात धुण्याची. पायानं चालणारे नळ साथीत बसवले, ते काढायला निघाले तर थांबवावं. प्रक्रिया केलेलं बियाणं हाताळलेल्या हातावर सॅनिटायझर चोळला तर औषध जात नाही, पसरतं. तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं. शिवाय सॅनिटायझरचे पाच लिटरचे कॅन पत्र्याखाली साठवलेले असतात. सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोलची वाफ विशीतल्या तापमानालाही पेट घेऊ शकते, आणि एप्रिलमध्ये पत्र्याखाली पारा चाळिशीच्या वर असतो. उरलेला साठा हॉलबाहेर, सावलीत, वेल्डिंग आणि विजेच्या पॅनेलपासून लांब न्यावा. तंबाखूबंदीही उठवू नये. तंबाखू मळताना तळहातावरचं औषध थेट तोंडात जातं.

जे बंद केलं होतं

साथीत चार गोष्टी बंद झाल्या : पिण्याच्या पाण्याची टाकी, विश्रांतीची खोली, जेवणाची जागा आणि पाळणाघर. बंद करायला आदेश किंवा निदान भीती होती. १ एप्रिलनं त्या उघडायला वेगळा आदेश दिला नाही, आणि उघडल्या नाहीत म्हणून कुणाला दंडही होत नव्हता.

टाकी बंद म्हणून बाया घरून बाटली आणतात. एक लिटरची बाटली अकराला संपते. मग पाणी कमी पितात, लघवीला जायला लागू नये म्हणूनही कमी पितात. दोन्हींचा शेवट एप्रिल-मेमध्ये उष्माघाताकडे जातो. टाकी पहिल्या दिवशी सुरू व्हायला हवी : धुवून, तोटीच्या नळानं, साखळीचा पेला काढून. दर माणशी दर तासाला किमान पाऊण लिटर धरला तर आठ तासांत ८० माणसांना जवळपास ५०० लिटर लागतात. दोन माठ ठेवून भागत नाही.

जेवणाची जागा बंद म्हणून बाया सहा फुटांवर पांगून, सावली मिळेल तिथे, म्हणजे गोदामाच्या ओट्यावर, गोण्यांना टेकून डबा उघडत. त्या गोण्यांत प्रक्रिया केलेलं बियाणं. अंतर पाळलं गेलं आणि औषध डब्याशी आलं. जेवणाची खोली दोन बाजूंनी उघडी करून, दोन-दोन ओळींच्या पंगतीनं, पस्तीस-चाळीस मिनिटांच्या फरकानं सुरू करावी. साथीतली ही एक चांगली सवय, वेगवेगळ्या वेळी जेवण, ठेवण्यासारखी आहे : हात धुवायला रांग होत नाही, मग हात धुतले जातात.

पाळणाघर सर्वांत शेवटी आठवतं. तीसहून जास्त स्त्रिया कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवणं कारखाने अधिनियमाच्या कलम ४८ नं बंधनकारक होतं. दोन वर्षांत त्या खोलीत सॅनिटायझर, जुनी बॅनरं आणि बिघडलेलं वजनयंत्र जमा झालेलं असतं. ती रिकामी होत नाही तोवर लहान मूल असलेली बाई एकतर येत नाही, किंवा मुलाला घेऊन येते आणि ते टेबलाखाली, सांडलेल्या रंगीत बियाण्यात खेळतं. या एका खोलीबद्दल कारखान्यानं तारीख लिहून द्यावी, "लवकरच" नको.

आजारी बाईनं घरी राहायचं कसं

गेटवरची तापाची बंदूक काढून टाकावी, यात दुमत नको. उन्हात रांगेत दहा मिनिटं उभ्या असलेल्या कपाळाचं तापमान ती दाखवते. घाम आला की कमी, झळ लागली की जास्त. करोना तर ताप येण्याआधीही पसरतो. बंदुकीनं एकच गोष्ट नक्की केली : ताप असलेली बाई सकाळी गोळी घेऊन येऊ लागली, कारण परत पाठवलं तर दिवसाची मजुरी बुडते. कुठलंही यंत्र हे मोडू शकत नाही, पैसा मोडू शकतो.

कर्मचारी राज्य विम्याखाली नोंद असेल तर आजारपणात वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो, पण सर्वसाधारणपणे योगदानाच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं योगदान लागतं, आणि आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता नसतो. हंगामी बाईचं गणित इथेच फसतं. फेब्रुवारीत पहिल्यांदा नोंद झालेल्या बाईचा रोख लाभाचा काळ नऊ महिन्यांनी सुरू होतो, तोवर हंगाम संपलेला असतो. एप्रिलमध्ये तिच्या हातात विमा कार्ड असतं, पण आजारपणाचे पैसे नसतात. तीन दिवसांच्या खोकला-तापाला तर जुन्या बाईलाही एकाच दिवसाचा भत्ता.

म्हणून कारखान्यानं स्वतः तीन दिवसांची मजुरी द्यावी. रोज ४०० रुपये धरले आणि वाईट आठवड्यात सहा जणी आजारी पडल्या तर ७,२०० रुपये. अठरा जणींची एक ओळ एक दिवस बंद पडली तर तिची मजुरीही तेवढीच होते, शिवाय थांबलेला माल वेगळा. पैसे ठेकेदाराच्या बिलात मिसळू नयेत, वेगळ्या ओळीत दाखवावेत आणि बाईच्या खात्यात गेल्याचं बघावं. डॉक्टरची चिठ्ठी पहिल्या तीन दिवसांसाठी मागू नये. गावात डॉक्टर नसतो, आणि चिठ्ठीसाठी जीपनं शहरात जाण्यात मजुरीचा मोठा भाग खर्च होतो.

लस आणि रजिस्टर

लशीचा मुद्दा मराठवाड्यात तापलेला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात पात्र लोकांपैकी सुमारे ५५ टक्क्यांनीच डोस घेतला होता, राज्याचं प्रमाण ७४ टक्के. जिल्हाधिकाऱ्यांनी एक तरी डोस असल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल देऊ नये असा आदेश काढला होता. शेजारच्या जालन्यातही ठेकेदार त्याच धाकात गाडीत बसवण्याआधी मोबाइलवरचं प्रमाणपत्र बघत. एप्रिलनंतर त्याला आधार उरला नाही. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानंही कुणालाही लस घ्यायची सक्ती करता येणार नाही आणि लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध त्या वेळच्या परिस्थितीत योग्य नाहीत असं सांगितलं. कारखान्यानं ठेकेदाराला लेखी कळवावं, तोंडी नाही. ठेकेदाराला नको असलेली बाई वगळायला "दुसरा डोस नाही" हे कारण सोयीचं असतं, आणि ते बराच काळ टिकतं.

गेटवरची रजिस्टरं, त्यांत नावं, आधार क्रमांक, डोस, कुणाला कधी करोना झाला, हे सगळं वॉचमनच्या टेबलावर उघडं पडलेलं असतं. हजेरीचा भाग वेगळा काढून ठेवावा, बाकीचं नष्ट करावं. रद्दीत देऊ नये.

एक टक्का हायपोक्लोराइटची, म्हणजे ब्लीचच्या पाण्याची, फवारणी लगेच थांबवावी. पॅकिंग यंत्राच्या सील करणाऱ्या जबड्यांना त्यानं गंज चढतो, आणि संडासातल्या ॲसिडशी ते मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. फरशी साबणानं धुतली तरी पुरे.

सहा आठवडे

४ एप्रिलला ४२ वरून थेट ७२ वर जाऊ नये. पहिल्या आठवड्यात दार, अगरबत्तीची तपासणी, पाण्याची टाकी, मग पंखे. हे झाल्यावर तीन ओळी, ५४ बाया. त्या वर्षी पाडवा, रामनवमी आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती दोन वर्षांनी मोकळेपणानं साजरी होणार होती, गावोगाव मिरवणुका. गर्दीतून आलेला संसर्ग दिसायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून चौथी ओळ २५ एप्रिलला, गैरहजेरी वाढलेली नसेल आणि मीटर दुपारी दोनला ८०० च्या आत असेल तरच. दुपारी दोनची वेळ मुद्दाम : सकाळी सगळ्याच हॉलची हवा चांगली असते.

एक ओळ, एक गाडी, ठरलेली पंगत, अशी बांधणी ठेवावी. ती फुकट आहे. गाडीत आरटीओनं मंजूर केलेल्या आसनसंख्येइतकीच माणसं, काचा उघड्या. पाऊण तास बंद गाडीत मांडीला मांडी लावून आलेल्या बायांना हॉलमध्ये सुटं बसवून उपयोग थोडा. घोळ बहुधा तिसऱ्या आठवड्यात होतो : एका ओळीत चार जणी कमी पडतात, मुकादम दुसऱ्या ओळीतल्या उचलून बसवतो, आणि मग आजार कुठून कुठे गेला ते कळत नाही. त्यापेक्षा ती ओळ चौदावर चालू द्यावी.

जूनच्या सुरुवातीला राज्यात रुग्ण पुन्हा वाढले. आरोग्य विभागाचं पत्र आलं : बंद, गर्दीच्या जागी मास्क वापरा. ही सक्ती नसून आवाहन आहे, असं आरोग्यमंत्र्यांनी स्पष्ट केलं. असं पत्र येतं तेव्हा सुपरवायझरनं काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं, आणि ते एका कागदावर मावतं : एका ओळीत पाच दिवसांत दोघी ताप-खोकल्यानं घरी राहिल्या तर त्या ओळीला आठवडाभर मास्क, जेवण बाहेर पत्र्याखाली. चौघी झाल्या तर ओळ तीन दिवस बंद, मजुरी चालू. शटर दोन फुटांवरून चार फुटांवर. बीजप्रक्रियेचं दार बंदच. तो कागद गेटवर लावू नये, हॉलमध्ये पंख्यांच्या बटणांशेजारी लावावा, मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुकादमानं दर सोमवारी वाचून दाखवावा.